पाच येतं, दोन येत नाही

माझ्या लॅपटॉपवर एक साधी टेक्स्ट फाइल आहे, वर्षानुवर्षं वाढत चाललेली. तिच्यात फक्त कमांड आहेत. वर तारीख, मग एक लांबलचक ओळ आणि खाली कशाला जोडलं होतं ते दोन-तीन शब्दांत: ‘गच्चीवरचा टायमर’, ‘एसीचा रिमोट’, ‘डेअरीचा काटा’. सगळ्या ओळी एकाच प्रोग्रामच्या, सिग्रॉक-सीएलआयच्या. तारेवरचे विजेचे चढउतार टिपायचे आणि त्यातून शब्द, आकडे, काय असेल ते काढून दाखवायचं, हे त्याचं काम. खिडकी नाही, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एंटर मारायचं, आणि उत्तर खाली ओळींनीच येतं.

कुणी विचारलं की या फाइलमध्ये एवढं काय आहे, तर मी म्हणते, यात माझे अंदाज आहेत. प्रत्येक ओळीत मी त्या दिवशी त्या तारेबद्दल काय काय धरून चालले होते ते लिहिलेलं आहे: वेग किती, बिट किती, कुठल्या वायरीवर कोण बोलतंय. प्रोग्राम यातलं काहीच स्वतःहून ओळखत नाही. तुम्ही सांगाल ते खरं मानून तो वाचत सुटतो.

आधी हत्याराबद्दल थोडं. तारेवरचं टिपणारी डबी, म्हणजे लॉजिक अॅनालायझर, अगदी स्वस्तातली आहे, हजार रुपयांच्या आतली. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. आत सायप्रेसची एफएक्स-टू नावाची जुनी यूएसबी चिप. आठ चॅनेल, आठ रंगीत वायरी आणि ग्राउंडची वेगळी. सेकंदाला जास्तीत जास्त २ कोटी ४० लाख वेळा ती प्रत्येक वायरीकडे पाहते आणि ‘वर’ की ‘खाली’ एवढंच नोंदवते. व्होल्टेज किती, लाट वाकडी आहे का, तिच्यावर खरखर आहे का, हे तिला दिसत नाही. ते पाहायला ऑसिलोस्कोप हवा. गंमत म्हणजे यूएसबीला जोडली तेव्हा ही डबी कोरी असते. प्रत्येक वेळी सिग्रॉक तिच्यात फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, ओततो, मग ती एकदा तुटून नव्या ओळखीने परत जोडली जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, बिघडली. 

सिग्रॉक हा प्रकल्प उवे हर्मान आणि बर्ट व्हर्म्यूलेन यांनी २०१० च्या सुमारास उभा केला. सगळा मुक्त, कुणीही उघडून वाचावा असा. डबी वेगळी, टिपणारा भाग वेगळा आणि डिकोडर वेगळे. हे डिकोडर पायथनमध्ये लिहिलेले, शंभराहून जास्त, आणि एकावर एक रचता येणारे. खालचा डिकोडर वायरीवरचे बिट वाचून बाइट काढतो, वरचा त्या बाइटमधून घड्याळातली वेळ काढतो. पल्सव्ह्यू नावाचा चित्रवाला प्रोग्रामही याच घरातला आहे आणि पहिल्या नजरेला तो मीही उघडते. हिरव्या-लाल पट्ट्या सरकताना पाहायला बरं वाटतं, हे कबूल. पण पट्ट्या पाहण्यात तासभर सहज जातो आणि शेवटी आपण विचारलं काय होतं हेच आठवत नाही. ओळ टाइप करायची म्हटलं की आधी प्रश्न ठरवावा लागतो.

चुकीचा अंदाज धरला की काय होतं हे मला पहिल्यांदा रिमोटने शिकवलं. सेटटॉप बॉक्सचे कितीतरी रिमोट एनईसी पद्धतीने बोलतात: ३८ किलोहर्ट्झवर लुकलुकणारा अदृश्य प्रकाश, सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा लांब ठोका, साडेचार मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट. त्या बिटांत पत्ता आणि बटणाचा नंबर असतो, आणि दोन्ही उलटे करून पुन्हा पाठवलेले, म्हणजे चूक झाली तर पकडता यावी. आवाजाचं बटण दाबून धरलं तर नंबर पुन्हापुन्हा जात नाही, ‘तेच चालू’ एवढी छोटी खूण जाते. तीन पायांचा टीएसओपी १७३८ रिसीव्हर डबीला लावला, एनईसी डिकोडर सांगितला आणि बटणांचे नंबर धडाधड पडायला लागले. त्याच हुरुपात एसीचा रिमोट धरला. उत्तर: काही नाही. एकही ओळ नाही. कारण एसीचा रिमोट सहसा बटण सांगतच नाही. तो दर वेळी सगळी स्थिती सांगतो, तापमान, पंख्याचा वेग, मोड, सगळं एका लांब निरोपात. तुम्ही तापमान एकाने वाढवता तेव्हा ‘वाढव’ असं जात नाही, ‘२५ अंश, पंखा मध्यम, कूलिंग’ असं सगळं जातं. म्हणूनच रिमोटच्या पडद्यावर एक आणि एसीवर दुसरंच, असं होऊ शकतं.

ही चूक चांगली. अंदाज चुकला आणि प्रोग्राम गप्प बसला, म्हणजे लगेच कळलं. वाईट चूक असते ती अर्धं बरोबर उत्तर देणारी. तशी एक मला वाळवा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रात भेटली. 

केंद्र माझ्या चुलतभावाचं. सकाळ-संध्याकाळ दूध. एका बाजूला इलेक्ट्रॉनिक काटा, दुसऱ्या बाजूला फॅट मशीन, मध्ये टेबलावर कॉम्प्युटर आणि पावती छापणारा छोटा प्रिंटर. भिंतीवर दराचा तक्ता, गाय ३.५ फॅट ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक), म्हैस ६.० आणि ९.०, आणि तिथून पॉइंटापॉइंटाने वरखाली. काटा आणि कॉम्प्युटर एका जाड केबलने जोडलेले. जुना कॉम्प्युटर पावसाळ्यात गेला, नवा लॅपटॉप आला, त्यावर नवं सॉफ्टवेअर बसवलं, आणि भांडणं सुरू झाली.

“ताई, काटा बरोबर दावतोय, पन लॅपटॉपवर वजन येईना,” भाऊ फोनवर म्हणाला. “म्हंजे येतंय. बारीक वजन येतंय कधी कधी, मोठं येतच न्हाई. दहाच्या वर तर एक न्हाई.”

वजन आलं नाही की हाताने टाकायचं. आणि हाताने टाकलं की पलीकडच्या माणसाच्या कपाळाला आठी. काट्यावरचा आकडा तो स्वतः वाचतो, पण पावतीवर ‘हस्ते’ असं छापून येतं, आणि दहा दिवसांचं बिल निघताना तेवढाच शब्द पुरतो. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला तर त्यांनी पाच किलोचं वजन ठेवायला सांगितलं. ठेवलं. लॅपटॉपवर ५.०० आलं. “आलं ना? मग आमचं बरोबर आहे, काटा बघा.” काट्यावाल्याने लक्षणं ऐकून निदान केलं: हलकं येतं, जड येत नाही, म्हणजे लोडसेल, काट्याच्या आतला वजन जोखणारा भाग, गेला. नवा लोडसेल टाकायचा तर काटा उघडायचा, म्हणजे वैध मापनवाल्यांचं सील तोडायचं, पुन्हा पडताळणी करून शिक्का घ्यायचा. पैसे गेले ते गेले, दिवसही गेले. 

निदान ऐकायला पटण्यासारखं होतं. फक्त काट्याचा स्वतःचा डिस्प्ले प्रत्येक वजन बरोबर दाखवत होता, हे त्यात बसत नव्हतं. लोडसेल गेला असता तर आधी तो चुकला असता. तेव्हा काटा उघडायची गरजच नव्हती. त्याच्या पोटातून केबलवर काय निघतंय एवढंच ऐकायचं होतं, आणि केबल सीलच्या बाहेर असते.

या केबलींवर आरएस-२३२ नावाचं प्रमाण असतं, १९६० साली अमेरिकेत ठरलेलं आणि अजूनही कितीतरी काट्यांच्या मागच्या बाजूला टिकून राहिलेलं. त्यात एक गोम आहे. तार शांत असते तेव्हा तिच्यावर ऋण व्होल्टेज असतं, आणि बोलताना ती उणे बारा-अधिक बारा अशी हेलकावे खाऊ शकते. माझ्या डबीला शून्य ते पाच व्होल्टच सोसतात. थेट क्लिप लावली तर डबी जळायचीच. म्हणून मध्ये मॅक्स-२३२ चिपची छोटी पट्टी. ती व्होल्टेज खाली आणते आणि उलटं झालेलं सुलटही करते. नऊ पिनांच्या कनेक्टरमधली पाच नंबरची पिन ग्राउंड, ती आधी. मग काट्याकडून येणारी तार डबीच्या शून्य नंबरच्या चॅनेलवर.

संध्याकाळचं दूध सुरू असतानाच टिपायला लावलं. मुद्दाम. ठेवणीतली लोखंडी वजनं गोल आकड्यांची असतात, किटलीतलं दूध कुठल्याही आकड्यावर थांबतं, आणि मला सगळे आकडे हवे होते. काट्यावरच्या चिकटपट्टीवर ‘२४००’ लिहिलेलं. म्हणजे एका बिटाला सुमारे ४१७ मायक्रोसेकंद. सेकंदाला ५० हजार नमुने घेतले की एका बिटावर वीसेक नमुने पडतात, तेवढे भरपूर. नवखी माणसं सवयीने २४ मेगाहर्ट्झ लावतात आणि मग लॅपटॉपचा श्वास कोंडतो. एवढ्या सावकाश बोलणाऱ्या काट्यासाठी त्याची काय गरज? पट्टीवरच्या आकड्यावरही विसंबायचं नव्हतं. सर्वांत आखूड ठोका मोजून वेग सांगणारा डिकोडर सिग्रॉकमध्ये आहे. त्यानेही २४०० च्या आसपासच सांगितलं.

टिपलेलं सगळं एका फाइलमध्ये गेलं. ती फाइल म्हणजे आतून साधी झिप असते: कच्चे नमुने आणि सोबत वेग वगैरेची नोंद. इथून पुढे काट्याची गरज उरली नाही. दूध संपलं, केंद्र बंद झालं, भावाने फरशी धुतली, आणि मी फाइल घेऊन ओट्यावर बसले.

पहिली ओळ लिहिली ती सगळे लिहितात तीच: २४०० चा वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, अक्षर संपल्याचा १ स्टॉप बिट. उत्तर अक्षर रूपात दे. ओळीमागून ओळ पडायला लागली, प्रत्येक ओळीत एक अक्षर. अधिक चिन्ह, शून्य, शून्य, पाच, टिंब, सहा, शून्य. वाचता येत होतं! कुठेही चूक झाल्याचा इशारा नाही. आणि मग मध्येच चौकटी कंसात ‘बी२’. पुन्हा नीट. पुन्हा ‘बी७’. अक्षर म्हणून छापता न येणारा बाइट आला की डिकोडर असा कंसात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पद्धतीने, लिहितो.

इथे काळा पडदा कामाला येतो. चित्रात मी हे सरकवत बसले असते. इथे उत्तर म्हणजे नुसता मजकूर आहे, त्यामुळे तो पुढच्या कमांडकडे ढकलता येतो: क्रमाने लाव, सारखे एकत्र कर, कोण किती वेळा आलं ते मोज. हजारो अक्षरांची चौदा ओळींची यादी झाली. अधिक चिन्ह. टिंब. ०, ३, ५, ६, ९. मग कंसातले: ०ए, ८डी, बी१, बी२, बी४, बी७, बी८.

भावाला बोलावलं. तो कॉमर्सचा, पण आकड्यांना पक्का. “ह्यात एक कुठाय?” त्याने विचारलं. “दोन कुठाय?” आणि मग स्वतःच बोट ठेवून: “हे बी१, बी२… हेच का गं ते?”

तेच. दहा आकड्यांपैकी पाच धड आले होते आणि पाच शेपटी लागून. आता भावाची तक्रार आठवून पाहा: १० च्या वर एकही वजन येत नव्हतं. कसं येणार, १० ते २९ पर्यंत प्रत्येक वजनाची सुरुवातच १ किंवा २ ने होते, आणि त्याच्यावर किटली कुणाची? दहाच्या आत तीन आकडे, प्रत्येक आकडा धड असायची शक्यता निम्मी, म्हणजे साधारण आठांत एक वजन पोचणार. ‘बारीक वजन येतंय कधी कधी’ याचा हिशेब तंतोतंत लागला. लोडसेलचा काही संबंध नव्हता. आणि फोनवरून ठेवायला सांगितलेलं पाच किलोचं वजन म्हणजे ५ आणि ०, दोन्ही धड आकडे. दोन किलोचं ठेवायला सांगितलं असतं तर त्या क्षणी उजेड पडला असता.

पण ०, ३, ५, ६, ९ हेच का? हे आकडे द्विमान पद्धतीत लिहा: ३ म्हणजे ११, ५ म्हणजे १०१, ६ म्हणजे ११०, ९ म्हणजे १००१. प्रत्येकात दोन एक. शून्यात एकही नाही. उरलेल्या १, २, ४, ८ मध्ये एकच, आणि ७ मध्ये तीन. सम आणि विषम. (आस्की म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणारी यादी; आकड्याच्या आस्की नंबरात पुढे आणखी दोन एक असतात, पण दोनाने सम-विषम बदलत नाही.) म्हणजे काटा आठ बिट पाठवतच नव्हता. तो सात बिट पाठवत होता आणि आठव्या जागी पॅरिटी, सगळे मिळून एकांची संख्या सम राहील अशी. १९६३ साली आस्की ठरली तेव्हा ती सात बिटांचीच होती, आठवी जागा अशा राखणदारासाठी मोकळी. काट्याचं सर्किट ज्याने कुणी आखलं त्याने ती जुनी रीत पाळली. नव्या सॉफ्टवेअरने हल्लीची रीत धरली आणि राखणदारालाच अक्षराचा भाग समजून वाचलं. ८डी हाही तसाच, ओळ संपवणारा साधा ०डी, त्यात तीन एक, म्हणून त्याला शेपूट.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की दोन्ही पद्धतींत एका अक्षराची लांबी सारखीच: एक स्टार्ट, आठ जागा, एक स्टॉप, एकूण दहा बिट. त्यामुळे चुकीच्या पद्धतीने वाचलं तरी कुठेही गाडी रुळावरून घसरत नाही. प्रत्येक स्टॉप बिट जागच्या जागी सापडतो. डिकोडर खूश, सॉफ्टवेअर खूश, पाच किलोचं वजन बरोबर. 

ओळीत दोन शब्द बदलले: डेटा बिट ७, पॅरिटी सम. तीच फाइल, पुन्हा एंटर. आकड्यांचे कंस गेले, ओळ संपवणाऱ्या ०डी आणि ०ए चे तेवढे राहिले. पॅरिटी जुळते का हेही विचारलं; सगळीकडे जुळली. मग मुद्दाम विषम पॅरिटी लिहून पाहिली. प्रत्येक अक्षराला चूक.

ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. एरवी सिरीयल टर्मिनल उघडून एकेक सेटिंग करून पाहतात, आणि प्रत्येक वेळी काटा चालू हवा, कुणीतरी किटली ठेवायला हवं, आणि मागच्या सेटिंगला काय दिसलं होतं ते डोक्यात ठेवायला हवं. इथे घडलं ते एकदाच टिपलं. नंतर वाटेल तितके अंदाज त्याच फाइलवर चालवायचे, आणि प्रत्येक अंदाज ओळीच्या रूपाने लिहिलेला राहतो. ‘मी करून पाहिलं, येत नाही’ या वाक्याला आमच्या धंद्यात काही किंमत नाही. कुठल्या ओळीने येत नाही?

राग मात्र आला. काटा सात बिट पाठवतो हे त्याच्या पुस्तिकेत एका ओळीत मावलं असतं. भावाकडे पुस्तिका होती. तिच्यात साफसफाईच्या सूचना होत्या, वॉरंटीच्या अटी होत्या, केबलवर काय येतं याबद्दल अवाक्षर नव्हतं. दूध मोजून त्याचा आकडा तारेवर टाकायचा, यात व्यवसायाचं गुपित ते काय? ज्याच्या पैशाने काटा आला त्याला त्याचं बोलणं कळू नये, ही मला उगाचची तोऱ्याची गोष्ट वाटते. दुसऱ्याच्या गाडीची किल्ली किंवा कुणाचं कार्ड मशीन ऐकायला मी डबी लावणार नाही, पण स्वतःच्या काट्याची केबल ऐकायला परवानगी कुणाची घ्यायची?

सॉफ्टवेअरवाल्या मुलाला मी टिपलेली फाइल आणि दोन्ही ओळी पाठवल्या, काय होतंय ते न सांगता. कमांड व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवू नये, हे अनुभवाचे बोल: फोनचा कीबोर्ड दोन आखूड रेघांची आपण होऊन एक लांब रेघ करतो आणि पलीकडे कमांड चालत नाही. टेक्स्ट फाइल जोडावी. मुलगा हुशार निघाला. तासाभरात त्याचा मेसेज आला, “मॅडम, सेव्हन-ई-वन आहे. आमच्यात एट-एन-वन फिक्स होतं. आज अपडेट देतो.” म्हणजे काट्याचे सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप; त्यांचे आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप. आणि लगेच दुसरा: वजन वजा असेल तर काट्याकडून काय येतं? रिकामी किटली ठेवून शून्य केलं आणि ती उचलली की काटा वजा दाखवतो. माझ्या फाइलमध्ये तसा प्रसंग नव्हता. त्या संध्याकाळी कुणी किटली उचलून काटा वजात नेला नव्हता.

मी पुण्याला परतले होते. डबी मात्र तिथेच ठेवून आले होते, लॅपटॉपवर सिग्रॉकही टाकून दिला होता. भावाला म्हटलं, फाइलमधली ओळ जशीच्या तशी चिकटव, शून्य कर, किटली उचल. थोड्या वेळाने त्याच्या स्क्रीनचा फोटो आला, जरा तिरका, कोपऱ्यात प्रिंटर. वरून खाली एकेक अक्षर: वजा, शून्य, शून्य, तीन, टिंब, चार, शून्य. मुलाला फोटो पाठवला, त्याचं काम झालं.

पाठोपाठ भावाचा फोन. “ताई, फॅट मशीनच्या मागं बी असलीच केबल हाय. त्यातलं दिसंल का?”

“दिसेल की. वेग वेगळा असेल, आठ बिट धरून बघ, नाही जमलं तर सात.”

“लावली बी वायर.”

“मॅक्स-२३२ मधून लावलीस ना? आणि आधी ग्राउंड?”

“थांब जरा,” तो म्हणाला, “काढतो.”